जावाचं अकराशे पानांचं पुस्तक कसं वाचायचं आणि कुठून

आधी तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते समोर राहील. बीएस्सी केमिस्ट्री झालंय, गाव फलटणजवळ, घरी वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे, आयटीत जायचंय म्हणून जावा या प्रोग्रामिंग भाषेचं अकराशे पानांचं रेफरन्स बुक घेतलंस, तीन महिन्यांत चारशे पानं वाचलीस, दोन वह्या भरून नोट्स काढल्यास, आणि परवा इंटरव्ह्यूत "दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत की नाहीत हे कसं ठरवशील" एवढंच विचारलं तर तोंडातून शब्द फुटला नाही. आता विचारतोयस की ताई, पुस्तक पूर्ण करू, पहिल्यापासून परत वाचू, की बाजूला ठेवून व्हिडिओ बघू.

तिन्ही नको. पण पुस्तक टाकूनही देऊ नकोस, ते फार कामाचं आहे, फक्त तू ते चुकीच्या बाजूनं धरलंयस. शब्दकोश 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत वाचून कुणी मराठी शिकलेलं नाही, आपण बोलायला लागतो, कुठेतरी शब्द अडतो, मग कोश उघडतो, आणि त्या दिवशी बघितलेला शब्द जन्मभर लक्षात राहतो कारण तो अडलेला असतो. रेफरन्स बुकचं तसंच आहे. मी गेली एकोणीस वर्षं जावावर काम करतेय, त्यातली सात-आठ वर्षं नवीन आलेल्या मुलामुलींना शिकवतेय, आणि दर बॅचला एक तरी असा मुलगा असतो ज्यानं जाड पुस्तक अर्धं वाचलंय, व्याख्या पाठ आहेत, आणि रिकामी फाईल समोर ठेवली की हात थांबतो. तो मुलगा कमी हुशार असतो असं अजिबात नाही, उलट मेहनती असतो, फक्त त्याच्याकडे उत्तरं असतात आणि प्रश्न नसतात.

तर पुस्तकाकडे प्रश्न घेऊन जायचं, एवढंच मला सांगायचंय, बाकी सगळं ते कसं करायचं त्याबद्दल.

तुझ्या त्या इंटरव्ह्यूच्या प्रश्नावरच करून दाखवते. कॉम्प्युटरवर जावा आहेच, टर्मिनल उघडून जेशेल टाईप कर. हे २०१७ मध्ये जावा ९ सोबत आलं, यात क्लास, मेन वगैरे काही न लिहिता एकेक ओळ टाकून लगेच उत्तर बघता येतं, शिकणाऱ्यासाठी याच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही. आता इंटिजर टाईपची दोन व्हेरिएबल घे, छोटा इंट नाही, कॅपिटल आय वाला पूर्ण इंटिजर, दोन्हीत १२७ टाक आणि डबल इक्वल टू लावून विचार की सारखे आहेत का. रन करायच्या आधी वहीत अंदाज लिही. उत्तर येईल ट्रू. आता दोन्हीत १२८ टाकून तेच विचार, परत आधी अंदाज लिही. उत्तर येईल फॉल्स.

इथे थांब. हे वाचून पुढे जाऊ नकोस, खरंच करून बघ, कारण तो फॉल्स स्क्रीनवर बघताना पोटात जो धक्का बसतो ना, तोच शिकवतो. १२७ सारखे आणि १२८ वेगळे, हे कसं काय? आता पुस्तक उघड, पण पान एकपासून नाही, मागची सूची उघड, तिथे ऑटोबॉक्सिंग (साध्या इंटचा आपोआप इंटिजर ऑब्जेक्ट होणं) शोध, इक्वल्स शोध. पाच-सहा पानं वाचशील आणि ती पानं गोष्टीसारखी वाचून होतील. कळेल की डबल इक्वल टू ऑब्जेक्टच्या बाबतीत आतली किंमत बघतच नाही, दोन्ही व्हेरिएबल मेमरीतल्या एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का एवढंच बघतं. आणि जावा उणे १२८ ते १२७ एवढ्या आकड्यांचे इंटिजर ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवतं आणि तेच परत परत देतं, म्हणून १२७ ला योगायोगानं एकच ऑब्जेक्ट मिळाला, १२८ ला दोन वेगळे मिळाले. किंमत सारखी आहे का विचारायचं असेल तर इक्वल्स मेथड. हेच तर इंटरव्ह्यूवाल्यानं विचारलं होतं! आणि मला खात्री आहे की तुझ्या वहीत ही व्याख्या सुंदर अक्षरात लिहिलेली असणार.

हा नुसता कोड्याचा प्रश्न आहे असं समजू नकोस. मी आधी ज्या कंपनीत होते तिथे एका प्रोग्राममध्ये ग्राहकाचा क्रमांक असाच डबल इक्वल टू नं तपासला होता, टेस्टिंगला घेतलेले सगळे ग्राहक एक ते पन्नास नंबरचे, सगळं हिरवंगार, आणि खरा डेटा आल्यावर निम्म्याहून जास्त लोकांची नोंद सापडेना. दोन दिवस आम्ही डेटाबेसला दोष देत बसलो होतो. चूक एका ओळीत होती आणि ज्यानं ती लिहिली त्यानं पुस्तकातला तो भाग वाचलेला होता, त्यानंच सांगितलं, फक्त वाचताना समोर प्रश्न नव्हता म्हणून तो टिकला नाही.

पद्धत म्हणून एवढंच: चार-पाच ओळी लिही, रन करायच्या आधी उत्तराचा अंदाज पेनानं लिही, रन कर, अंदाज चुकला की पुस्तक उघड. अंदाज बरोबर आला तर ते पान सोडून दे, तुला येतंय ते. अंदाज लिहिण्याचा कंटाळा करू नकोस. नुसतं रन करून उत्तर बघितलं की मेंदू लगेच "हो हो मला माहितच होतं" म्हणून मोकळा होतो. कागदावर लिहिलेलं असलं की तसं म्हणता येत नाही.

आता कुणी म्हणेल, मग पुस्तक सलग वाचायचंच नाही का. थोडं वाचायचं. अकराशे पानांतली साधारण अडीच-तीनशे पानं सलग वाचण्यासारखी असतात: टाईप आणि ऑपरेटर, क्लास आणि कन्स्ट्रक्टर, स्टॅटिक म्हणजे काय, पब्लिक-प्रायव्हेट, इंटरफेस, एक्सेप्शन, स्ट्रिंग, कलेक्शनमधले लिस्ट आणि मॅप, जेनेरिक्सची ओळख, आणि मग लॅम्ब्डा आणि स्ट्रीम. तू चारशे पानं वाचलीस त्यात यातलं बरंचसं आलं असणार. थ्रेडचा भाग आत्ता उघडू नकोस, तो कठीण आहे आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात कुणी तुला थ्रेड लिहायला देणार नाही. स्विंग, एडब्ल्यूटी (दोन्ही खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररी), ॲप्लेट (ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम) असे भाग पुस्तकात असतील तर सरळ सोड. ॲप्लेट तर जावा ९ मध्येच डेप्रिकेट झालंय, म्हणजे यापुढे वापरू नका असं जाहीर झालंय, तरी जुन्या आवृत्त्यांत त्यावर पन्नास-पन्नास पानं असतात आणि मुलं इमानदारीत ती वाचतात, मला फार वाईट वाटतं.

बाकी आठशे पानं अडल्यावर बघायची. पण अडायला काहीतरी करत असलं पाहिजे ना, आणि इथे तू नशीबवान आहेस कारण तुझ्या घरात प्रोजेक्ट तयार बसलाय. लोक लायब्ररी मॅनेजमेंट, स्टुडंट मॅनेजमेंट असलं काहीतरी करतात ज्यात त्यांना स्वतःला काडीचा रस नसतो. तू वडिलांच्या संकलन केंद्राचं दहा दिवसांचं बिल बनव. सभासद क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), त्यावरून दरपत्रकातला दर, दहा दिवसांची बेरीज, त्यातून पशुखाद्य आणि उचल कपात, हाती येणारी रक्कम. हे सगळं तुला झोपेत येतं, त्यामुळे प्रोग्राम चुकला तर तुला लगेच कळेल, वडिलांच्या वहीशी ताडून बघता येईल. शिकणाऱ्याला उत्तर बरोबर आहे का हे स्वतःचं स्वतः तपासता येणं फार मोठी गोष्ट आहे.

सुरुवातीला क्लास-बिस काही करू नकोस. एका शेतकऱ्याचं एका वेळचं दूध, तीन व्हेरिएबल, एक गुणाकार, संपलं. आणि पहिल्याच दिवशी तू अडशील बघ. समजा फॅटची दशांशं वाचवायला तू ३.५ ऐवजी ३५ असा पूर्णांक ठेवलास आणि परत दहानं भागलंस तर उत्तर ३ येईल, साडेतीन नाही, कारण इंटला इंटनं भागलं की जावा अपूर्णांक टाकून देतं. फॅटमधला अर्धा पॉईंट गेला म्हणजे शेतकऱ्याच्या दरात किती फरक पडतो हे तुला मी सांगायला नको, केंद्रावर भांडण होईल. मग तू डबल, म्हणजे दशांश ठेवणारा टाईप, वापरशील आणि तिथे दुसरा खड्डा आहे: जेशेलमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघ, ०.३ येत नाही, ०.३००००००००००००००४ असं काहीतरी येतं. डबल आतून बायनरीत असतं, आणि जसा एक तृतीयांश आपल्याला दशांशात पूर्ण लिहिता येत नाही तसा बायनरीत एक दशांश पूर्ण लिहिता येत नाही. पैशाच्या हिशेबाला म्हणूनच डबल चालत नाही. एकतर सगळं पैशांत मोजून लाँगमध्ये, म्हणजे मोठ्या पूर्णांकात ठेव, किंवा दशांश तंतोतंत ठेवणारा बिगडेसिमल क्लास वापर. आणि बिगडेसिमलचं पान वाचताना दोन गोष्टी स्वतः करून बघ: तो डबलमधून बनवला तर डबलची ती घाण तशीच आत येते, म्हणून स्ट्रिंगमधून बनवायचा, आणि २.० व २.०० हे दोन बिगडेसिमल इक्वल्सनं विचारले तर फॉल्स येतं, कम्पेअरटू नं विचारले तर सारखे येतात. म्हणजे "दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का" हा तुझा इंटरव्ह्यूचा प्रश्न परत आला, आता जरा वरच्या इयत्तेत.

मग क्लासकडे ये. पुस्तकात ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकवताना प्राणी, त्याचा कुत्रा, त्याचं मांजर, किंवा आकार, वर्तुळ, चौकोन असली उदाहरणं असतात आणि ती वाचून प्रत्येकाला वाटतं की इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासनं दुसऱ्याचा वारसा घेणं (एक्स्टेंड करणं), म्हणजेच ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. तू पण पहिल्या झटक्यात दूध नावाचा क्लास करशील आणि त्याला एक्स्टेंड करून गायदूध आणि म्हैसदूध करशील, हे मी आत्ताच सांगते, प्रत्येक जण करतो. कर. मग स्वतःला विचार की गाय आणि म्हशीच्या दुधाच्या नोंदीत नक्की वेगळं काय आहे? लिटर दोन्हीला, फॅट दोन्हीला, एसएनएफ दोन्हीला. वेगळं आहे ते दरपत्रक, गायीला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर सुरू होतो, म्हशीला ६ आणि ९ धरून. मग वेगळेपण दरपत्रकात ठेव ना, दुधात कशाला? दरपत्रक नावाचा इंटरफेस, म्हणजे काय करायचं एवढंच सांगणारा करार, त्यात एकच मेथड, फॅट आणि एसएनएफ द्या, दर घ्या. त्याची गायीची एक अंमलबजावणी, म्हशीची एक. उद्या संघानं दर बदलला तर नवीन दरपत्रक बनवायचं, नोंदीच्या क्लासला हातही लावायचा नाही, आणि मागच्या महिन्याचं बिल परत काढायची वेळ आली तर जुनं दरपत्रक शाबूत आहे. हे जेव्हा तुझ्या हातून घडेल ना तेव्हा पुस्तकातलं इंटरफेसचं प्रकरण परत वाच, तेच शब्द वेगळेच दिसतील.

इनहेरिटन्सचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. खुद्द जावाच्या लायब्ररीत स्टॅक नावाचा क्लास पहिल्यापासून आहे आणि तो व्हेक्टर या यादी ठेवणाऱ्या क्लासला एक्स्टेंड करतो. स्टॅक म्हणजे ताटांची चवड, वर ठेवायचं, वरून काढायचं. पण व्हेक्टरचा वारसा मिळाल्यामुळे त्याला मधल्या जागी ताट घुसवायची मेथड पण आयती मिळाली, म्हणजे तो धड स्टॅक राहिला नाही. आता तो काढून टाकता येत नाही कारण जगभरचा जुना कोड मोडेल, म्हणून डॉक्युमेंटेशनमध्येच लिहून ठेवलंय की याऐवजी डेक (दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग) वापरा. तुझ्या पुस्तकात स्टॅकचं पान असेल, ते उघड आणि वारशानं आलेल्या मेथडची यादी बघ, "कंपोझिशन (दुसरा ऑब्जेक्ट आत ठेवून वापरणं) की इनहेरिटन्स" यावर इंटरव्ह्यूत विचारलं तर हे एक उदाहरण पुरेसं आहे.

पुढची पायरी मॅप, म्हणजे चावी दिली की तिच्यावर ठेवलेली गोष्ट शोधून देणारा साठा; हॅशमॅप हा त्याचाच एक प्रकार. एका शेतकऱ्याची एका तारखेची एका वेळची नोंद चटकन सापडली पाहिजे, म्हणून तू नोंदचावी असा क्लास करशील, त्यात सभासद क्रमांक, तारीख आणि वेळ, आणि हॅशमॅपमध्ये त्या चावीवर दुधाची नोंद ठेवशील. ठेवताना काही तक्रार नाही. मग तोच सभासद, तीच तारीख, तीच वेळ घालून नवीन चावी बनवून गेट करशील आणि उत्तर येईल नल, म्हणजे काहीच नाही. सगळा डेटा आत आहे, छापून बघितलं तर दिसतोय, पण मागितला की नल! मी हे मुद्दाम नवीन मुलांना करायला लावते आणि शेजारी बसून बघते, वीस-पंचवीस मिनिटं कुणालाही कळत नाही. होतं असं की हॅशमॅप आधी चावीला तिचा हॅशकोड, म्हणजे तिच्यावरून काढलेला एक आकडा, विचारतो, त्यावरून कोणत्या कप्प्यात बघायचं ते ठरवतो, आणि कप्प्यात गेल्यावर इक्वल्सनं तपासतो की हीच ती का. तू क्लासमध्ये या दोन मेथड लिहिल्याच नाहीस तर ऑब्जेक्ट क्लासकडून आलेल्या वापरल्या जातात, आणि त्यांच्या मते तोच एक ऑब्जेक्ट असेल तरच सारखा, आतला मजकूर कितीही जुळो. म्हणून दोन्ही मेथड लिहायच्या, आणि दोन्ही एकाच फील्डवरून लिहायच्या, एक लिहून दुसरी विसरली तर परत हाच गोंधळ.

आता गंमत म्हणजे हे सगळं कळल्यावर मी सांगते की चावी क्लासऐवजी रेकॉर्ड म्हणून लिही, एक ओळीचं काम, इक्वल्स आणि हॅशकोड जावा आपोआप देतं. रेकॉर्ड २०२१ मध्ये जावा १६ ला पक्कं झालं. पण आधी त्या नलशी झुंजलास तर रेकॉर्ड कशासाठी आहे ते कळतं, नाहीतर ती पण एक पाठ केलेली व्याख्या.

एक गोष्ट कुठल्याही इंग्रजी पुस्तकात तुला सापडणार नाही पण पहिल्या बिलावरच लागेल, ती म्हणजे मराठी नावं. बिलात नावाचा रकाना वीस अक्षरांचा ठेवलास आणि शेतकऱ्यांची नावं देवनागरीत छापलीस की रकाने वेडेवाकडे होतात. कारण जावाची लेंग्थ मेथड आपल्याला दिसणारी अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे तुकडे मोजते, आणि आपली मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे तुकडे असतात. मराठी या शब्दाची लेंग्थ तीन नाही, पाच. ज्ञानेश्वर आपल्याला चार अक्षरं दिसतात, जावाला दहा. सुनीता या नावाचं पहिलं अक्षर सबस्ट्रिंगनं काढलंस तर सु येत नाही, नुसता स येतो, उकार मागेच राहतो. आणि स्ट्रिंग उलटी करायचा तो लाडका इंटरव्ह्यूचा प्रोग्राम मराठी शब्दावर चालवून बघ, वेलांटी शब्दाच्या सुरुवातीला येऊन लटकते. यासाठी जावात ब्रेकइटरेटर नावाचा क्लास आहे, दिसणाऱ्या अक्षरांच्या हद्दी शोधून देतो, त्याचं पान नक्की वाच, जोडाक्षरं टाकून काय येतं ते बघ. आणि फाईलमध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर घाबरू नकोस, जावा १८ च्या आधी विंडोजवर डिफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारं, नसायचं, ते आपण सांगावं लागायचं. हा प्रश्न आपल्या भाषेचा आहे, आपणच नीट सोडवला पाहिजे, इंग्रजीत शिकलेल्या कितीतरी सीनियर लोकांना हे माहीत नसतं आणि मग सातबाऱ्यापासून बिलापर्यंत कुठेही नावाची चिरफाड झालेली दिसते, मला ते बघवत नाही.

पुस्तकाचं पान वाचायचं कसं हे पण एक कसब आहे. स्ट्रिंगच्या ट्रिमचं पान घे. लोक वर्णन वाचतात, "आजूबाजूच्या स्पेस काढतं", झालं. मग नाव पुढे ट्रिम लिहितात आणि नाव आहे तसंच राहतं, स्पेससकट. पानावर परत काय मिळतं ते लिहिलेलं असतं, नवीन स्ट्रिंग मिळते, ती कुठेतरी धरून ठेवावी लागते, मूळ स्ट्रिंग जावात कधीच बदलत नाही. म्हणून कुठल्याही मेथडचं पान उघडलं की आधी बघायचं काय परत देते, मग काय मागते, मग कोणतं एक्सेप्शन फेकते, आणि नंतर वर्णन. सबस्ट्रिंगमध्ये पहिला आकडा धरायचा आणि शेवटचा सोडायचा हे पण तिथेच असतं. ओरॅकलच्या साईटवर अख्ख्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन फुकट आहे, याच सवयीनं ते वाचता यायला लागलं की मग जाड पुस्तकाची गरज हळूहळू कमी होते, आणि नोकरीत रोज तेच वाचायचंय.

पुस्तक कोणत्या जावाचं आहे ते पहिल्या काही पानांत बघ. जावा १९९५ मध्ये जाहीर झाली, सन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या टीमनं बनवलेली, तेव्हापासून ती बदलत आलीय, आणि २०१८ पासून तर दर सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं. सगळी पळायची गरज नाही. तुझं पुस्तक जावा ८ किंवा त्यापुढचं असेल तर चालेल, कारण लॅम्ब्डा, स्ट्रीम आणि तारखांची नवीन लायब्ररी २०१४ च्या जावा ८ मध्येच आली. त्याच्या आधीचं असेल तर तारखांचं प्रकरण वाचूच नकोस, जुन्या डेट क्लासमध्ये जानेवारी म्हणजे शून्य आणि वर्ष १९०० पासून मोजायचं, दहा दिवसांच्या बिलाचं वाटोळं होईल, लोकलडेट वापर. मशीनवर मात्र १७, २१ किंवा २५ यातलं एक टाक, ही लाँग टर्म सपोर्टची, म्हणजे बरीच वर्षं दुरुस्त्या मिळत राहणारी व्हर्जन आहेत. नवीन व्हर्जनचा अजून एक फायदा, जावा १४ पासून नलपॉईंटर एक्सेप्शन आलं तर नक्की कोणती गोष्ट नल होती ते मेसेजमध्ये सांगता येतं, आम्ही शिकलो तेव्हा नुसता ओळ नंबर मिळायचा. एरर आली की ती वाच, खालून वर-वरून खाली, पूर्ण, बंद करून परत रन करू नकोस.

तू शेवटी लिहिलंयस की शाळा मराठी माध्यमात झाली म्हणून पुस्तक जड जातं. मी पण मराठी माध्यमातलीच, पहिलं वर्ष डिक्शनरी मांडीवर घेऊन काढलंय. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात बघ. एक म्हणजे इंग्रजी, आणि दुसरी म्हणजे या धंद्याचे शब्द. ओव्हरराईड आणि ओव्हरलोड, डिक्लेअर आणि इनिशियलाईज, पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट, हे इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही तेवढेच नवीन असतात. हे शब्द आहेत तसेच ठेव, भाषांतर करत बसू नकोस, पण अर्थ स्वतःच्या मराठीत लिही. ओव्हरराईड म्हणजे बापाची पद्धत मुलानं आपल्या पद्धतीनं परत लिहिली, नाव तेच, मागणी तीच. ओव्हरलोड म्हणजे एकाच नावाच्या दोन मेथड, मागणी वेगळी. एवढं लिहिलं की डोक्यात बसलं. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं तर हात दमतो, बाकी काही होत नाही, तुझ्या दोन वह्या तशाच भरल्या असणार अशी मला भीती आहे.

व्हिडिओबद्दल: एखादी गोष्ट दोनदा वाचून, रन करूनही कळली नाही तर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघ, जरूर बघ. चाळीस तासांची मालिका लावू नकोस, तिथेही पुस्तकासारखंच होतं, फक्त पान उलटायचे कष्ट वाचतात. एआयला कोड लिहून मागू नकोस, निदान बिल पूर्ण होईपर्यंत. तुझा अंदाज चुकला, पुस्तकही वाचलं, तरी उमगलं नाही, तेव्हा "माझा अंदाज हा होता, आलं हे, का" असं विचार, तिथे ते चांगली मदत करतं.

नवीन आवृत्ती घ्यायला पैसे घालू नकोस, आहे तेच पुरेल. रोज दीड तास, त्यातला तासभर कीबोर्डवर आणि अर्धा तास पुस्तकात, आणि नवीन वही कर ज्यात डाव्या पानावर अंदाज आणि उजव्या पानावर काय आलं आणि पुस्तकाचं कितवं पान. महिन्याभरात एका शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल निघालं पाहिजे, गाय-म्हैस, कपातीसकट. ते वडिलांच्या हातच्या बिलाशी पैशापैशानं जुळवून बघ. नाही जुळलं तर फरक किती पैशांचा आहे, कोणत्या नोंदीवर सुरू होतो आणि मशीनवर कोणतं व्हर्जन आहे हे तिन्ही लिहून पाठव, मी बघते.